एक पाटी, एक शिल्लक

दिवाळी उलटली की आदिलाबादच्या कापूस मार्केटात पांढऱ्या ढिगांआधी कानावर पडतात ते आकडे. बैलगाड्या, ट्रॅक्टर, टेम्पो रांगेला लागलेले असतात. मॉइश्चर मीटर कापसात खुपसलं जातं आणि कोणीतरी मोठ्यानं सांगतो : नऊ, अकरा, अकरा, बारा. सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देतं. पुढे टक्क्यागणिक भाव उतरतो आणि १२ च्या वर गेलेला कापूस सीसीआय घेतच नाही. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, तेव्हा एका टक्क्याची किंमत शेतकऱ्याला कोणी समजावून सांगावी लागत नाही. रांगेत मागे असलेला पुढून परतणाऱ्याला विचारतो, "काय भाऊ, आज किती लागून राह्यलं?" उत्तर येतं, "अकराच चालू हाय."

या प्रश्नोत्तरात कोणी सरासरी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. "सरासरी दहा पूर्णांक छत्तीस शतांश" असं उत्तर कोणी दिलं तर लोक त्याच्याकडे वळून बघतील. विचारणाऱ्याला हवं असतं ते जास्तीत जास्त जणांना जे लागलं ते. आपल्याकडे त्याला बाजारातला शब्दही आहे : चालू. चालू भाव हा सरासरी भाव नसतो, बहुतेकांना मिळालेला भाव असतो. गंमत अशी की १८९५ साली कार्ल पीअर्सननं सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या किमतीला 'मोड' हे नाव दिलं, त्या शब्दाचा अर्थही जे चलनात आहे, ज्याची चलती आहे, तेच. संख्याशास्त्रज्ञाला जो शब्द सुचला, त्याच्या शेजारचाच शब्द अडत्याच्या तोंडी आधीपासून बसलेला.

मराठी पाठ्यपुस्तकात त्याला बहुलक म्हणतात. मध्य, मध्यक, बहुलक अशी ती त्रिमूर्ती नववी-दहावीत भेटते आणि पहिल्या दोघांच्या गोंधळात तिसरा सोपा म्हणून बरा वाटतो. पैनगंगेच्या अलीकडे पाटणबोरी, पिंपळखुटी, आणि पूल ओलांडला की तेलंगण. आदिलाबाद जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत आणि तेलुगू माध्यमाच्याही. मराठी मुलगा सरासरी म्हणतो तिथे तेलुगू मुलगा सगटु म्हणतो. कानाला दोन्हींत काही नातं लागत नाही. पण बहुलकाशी आले की दोघं जवळ जवळ एकच शब्द उच्चारतात, कारण तेलुगूत त्याला बाहुळकम् म्हणतात. सगळ्यांकडे सापडणारी गोष्ट सांगणारा शब्द दोन्ही भाषांत सापडावा, हे मला नेहमी थोडं मिश्कील वाटत आलं आहे.

दहावीच्या मराठीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण विचारतात. प्रोग्रामचं कोणी विचारत नाही. पण याच बहुलकाच्या शोधातला सहा ओळींचा एक प्रोग्राम असा आहे की तो वाचताना मी प्रत्येक वेळी एखाद्या शब्दाशी अडतो, मागे जातो, पुन्हा वाचतो. आणि तसं वाचणं म्हणजेच रसग्रहण, असं मला शिकवलं गेलं होतं.

त्या ओळींआधी त्यांच्या अगोदरची रीत सांगायला हवी, म्हणजे त्यांनी काय टाकून दिलं ते कळेल. जुन्या वाण्याच्या दुकानात दोन वह्या असत. रोजकीर्दीत जे जसं घडलं तसं, क्रमानं. खतावणीत तेच पुन्हा, पण ज्याच्या त्याच्या खात्यावर. बहुलक काढण्याची सरळ रीत म्हणजे रोजकीर्दीची खतावणी करणं. नवा आकडा आला की नवं खातं उघडायचं, जुना आला की त्याच्या खात्यावर एक रेघ ओढायची, शेवटी सर्वांत भरलेलं खातं बघायचं. पायथॉन भाषेत 'काउंटर' नावाची ही खतावणी तयारच मिळते. तिच्यात न कळण्यासारखं काही नाही आणि तिची उणीवही एकच आहे : जितक्या निराळ्या किमती, तितकी खाती. ओलाव्याच्या टक्क्यांसाठी दहा-बारा खाती म्हणजे काहीच नाही. पण दूरध्वनीच्या तारेवरून जाणाऱ्या प्रत्येक संदेशाचा पत्ता मोजायचा असेल, तर खात्यांनीच घर भरतं.

१९८० च्या सुमारास रॉबर्ट बॉयर आणि जे मूर या दोघांनी खतावणीच टाकून दिली. (मूर यांचं पहिलं नाव खरोखरच नुसतं 'जे' आहे. ते कशाचंही आद्याक्षर नाही. जितकं लागतं तितकंच ठेवायची सवय नावापासून.) एडिंबरोत असल्यापासूनची ही जोडी. मजकुरात शब्द शोधण्याची त्यांची १९७७ ची रीत आजही त्यांच्या नावानं ओळखली जाते. खतावणी टाकून दिली तेव्हा दोघं कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संशोधन संस्थेत होते. त्याच संस्थेत विमानासाठी अशी संगणकयंत्रणा घडवली जात होती की एक संगणक बिघडून भलताच आकडा सांगू लागला तरी बाकीच्यांच्या बहुमतानं विमान सुखरूप राहावं. बहुमत कसं काढायचं हा प्रश्न त्या इमारतीत पुस्तकी नव्हता. त्यांनी प्रोग्राम फोर्ट्रानमध्ये लिहिला, तो बरोबर आहे याची सिद्धता आपल्याच सिद्धता-यंत्रणेकडून तपासून घेतली, आणि निबंध पुस्तकात छापून यायला १९९१ उजाडलं. शीर्षकात 'मेजॉरिटी' या शब्दाचे स्वर गाळलेले आहेत, नुसती व्यंजनं उरली आहेत. फोर्ट्रानमध्ये तेव्हा नावाला सहाच अक्षरं मिळत, याची ते शीर्षक आठवण करून देतं.

त्या प्रोग्रामचा गाभा मराठीत मांडला तर असा होतो :

उमेदवार = कोणी नाही; शिल्लक = ०
प्रत्येक नोंद क्रमानं घे :
शिल्लक ० असेल, तर उमेदवार = नोंद, शिल्लक = १
नाहीतर, नोंद आणि उमेदवार एकच असतील, तर शिल्लक १ ने वाढव
नाहीतर, शिल्लक १ ने कमी कर
उमेदवार सांग

बस्स. निम्म्याहून जास्त वेळा आलेली नोंद यादीत असेल, तर ती शेवटच्या ओळीत हाती येते. लाख नोंदी असोत की कोटी, ध्यानात ठेवायच्या गोष्टी दोनच, एक नाव आणि एक आकडा. पोराच्या पाटीवर मावतील एवढ्या.

पहिली ओळ रिकाम्या खुर्चीची आहे. 'कोणी नाही' हे उमेदवाराचं नाव. आधीपासूनचा लाडका कोणी नाही. दुसऱ्या ओळीतला 'क्रमानं' हा शब्द वाचताना मला यार्डाचं गेट दिसतं. एक गाडी, मग दुसरी. गेलेली परत बोलवायची नाही, येणारी आधी बघायची नाही. हा प्रोग्राम यादीवरून एकदाच, एकाच दिशेनं जातो.

तिसरी ओळ उदार आहे, किंवा बेफिकीर आहे, कसंही म्हणा. खुर्ची रिकामी झाली की त्या क्षणी जो दारात उभा असेल तो बसतो. त्याची लायकी बघत नाहीत, त्याच्यामागे किती जण आहेत ते विचारत नाहीत. वेळ साधली एवढंच त्याचं भांडवल. पहिल्यांदा वाचणाऱ्याचा विश्वास इथेच डळमळतो : असा कोणीही उमेदवार होणार असेल, तर शेवटी बरोबर माणूस बसेल कसा?

चौथी आणि पाचवी ओळ या बहिणी-बहिणी. एक वाढवते, एक कमी करते. पण पाचवीत जे लिहिलेलं नाही ते बघा. विरोधी नोंद आली, शिल्लक एकनं घटली, आणि त्या नोंदीचं पुढे काय झालं? कुठेच काही नाही. तिचं नाव पाटीवर चढलं नाही. तिनं एकाला खाली ओढलं आणि स्वतःही रांगेतून नाहीशी झाली. सगळ्या प्रोग्राममधली ही सर्वांत नाट्यमय घटना एका वजाबाकीत उरकली आहे.

आपल्या काव्यशास्त्रात शब्दाचा वाच्यार्थ वेगळा आणि व्यंजनेनं सुचणारा अर्थ वेगळा. या सहा ओळींचा वाच्यार्थ बेरीज-वजाबाकीचा आहे. त्यांचा खरा अर्थ जो शब्द उचलतो, तो शब्द सहा ओळींत कुठेच आलेला नाही. तो शब्द 'जोडी'. शिल्लक एकनं कमी होते तेव्हा दोन निराळ्या नोंदी एकमेकींना घेऊन बाद होतात. कोणत्याही क्षणी प्रोग्राम थांबवा : आतापर्यंत गेलेल्या सगळ्या नोंदी म्हणजे निराळ्या-निराळ्यांच्या काही जोड्या, आणि वर उमेदवाराच्या शिल्लक इतक्या प्रती. बॉयर आणि मूर यांनी निबंधात याचं चित्र रंगवलं आहे ते एका अधिवेशनाचं. आपापल्या पुढाऱ्याच्या नावाचे फलक घेतलेले प्रतिनिधी दुसऱ्या गटाच्या माणसावर फलक हाणतात, आणि मारणारा व मार खाणारा दोघंही आडवे होतात. मला स्वतःला जत्रेतला कुस्त्यांचा फड जवळचा वाटतो, फक्त नियम असा की प्रत्येक कुस्ती बरोबरीत सुटते आणि दोन्ही पैलवान फडाबाहेर जातात. एका तालमीचे पैलवान बाकी सगळ्यांच्या बेरजेपेक्षा जास्त असतील, तर एकास एक घालवून शेवटी मातीत उभं राहायला त्याच तालमीचं कोणीतरी उरणार. सिद्धता एवढीच आहे. ती समजली की तिसऱ्या ओळीची बेफिकिरी खुपत नाही. खुर्चीवर चुकीचा माणूस बसला तरी त्याला उतरवण्याइतके लोक मागे रांगेत आहेतच.

आता एक नमुना चालवून बघू. या अकरा नोंदी मीच रचलेल्या आहेत, यार्डाच्या वहीतल्या नव्हेत : ९, ९, ११, ११, १२, ११, ८, ११, ११, १०, ११. यात अकरा हा आकडा सहा वेळा आहे. अकरांत सहा म्हणजे काठावरचं बहुमत. (सरासरी काढली तर तीच दहा पूर्णांक छत्तीस शतांश येते, आणि हा आकडा या अकरांपैकी एकाही गाडीला लागलेला नाही.)

नऊ येतो, खुर्ची रिकामी, बसतो. शिल्लक १. पुन्हा नऊ, शिल्लक २. नऊचं राज्य आलं असं वाटतं. मग दोन अकरा एकामागून एक येतात आणि काही न मिळवता नऊला शून्यावर आणून जातात. खुर्ची खाली झाली, पण अकरा नेमके निघून गेलेले; दारात बारा. बारा बसतो. अकरा येतो, बाराला उतरवतो, जातो. मग आठ बसतो. पुन्हा अकरा, पुन्हा तेच. आठ नोंदी संपल्या. यात चार अकरा येऊन गेले आणि पाटीवर त्यांचं नाव एकदाही लिहिलं गेलं नाही. नवव्या नोंदीला पहिल्यांदा अकराच दारात आणि खुर्ची रिकामी असा योग येतो. शिल्लक १. दहावी नोंद दहाची, ती त्यालाही शून्यावर आणते. आता एकच नोंद बाकी. ती अकराची. उमेदवार अकरा, शिल्लक १.

नऊ, बारा, आठ आणि मग अकरा, असा हा खुर्चीचा इतिहास. ज्याचं बहुमत होतं त्याचंच नाव सर्वांत उशिरा लागलं. जोड्या लावून बघा : नऊ-अकरा, नऊ-अकरा, बारा-अकरा, आठ-अकरा, अकरा-दहा. पाच जोड्या, वर एक अकरा. हेच आकडे उलटसुलट करून पुन्हा चालवले तर मधलं कथानक पार बदलतं. सहाही अकरा आधी आले तर शिल्लक सहापर्यंत चढते आणि मग पाच जण ती एकवर आणून ठेवतात. कुठे उलथापालथ नाही, गोष्ट नीरस. शेवट मात्र तोच, आणि या खेपेला शिल्लकसुद्धा तीच.

इथे 'शिल्लक' या शब्दाकडे पुन्हा वळायला हवं, कारण नवशिके वाचणारे हमखास तिथे फसतात. शेवटी अकराची शिल्लक १ आहे. अकरा सहा वेळा आला होता. म्हणजे शिल्लक ही मोजणी नव्हे. किती वेळा आला हे या प्रोग्रामला कधीच माहीत नसतं. हिशेब चुकता झाल्यावर हाती काय राहिलं एवढंच त्याला ठाऊक. खतावणी सगळं लक्षात ठेवून उत्तर देते, हा विसरत विसरत त्याच उत्तराशी पोचतो.

आणि सहावी ओळ. 'उमेदवार सांग.' विजेता सांग असं ती म्हणत नाही. नावं मी मराठीत घातली असली तरी ही माझी शब्दकळा नव्हे. मूळ प्रोग्राममध्येही त्या जागेचं नाव उमेदवार या शब्दाचंच आखूड रूप आहे, आणि शेवटपर्यंत ते तेच राहतं. त्याचं कारण बघायला पाचच नोंदी पुरतात. वरच्या यादीतल्या पहिल्या पाच घ्या : ९, ९, ११, ११, १२. नऊ दोनदा, अकरा दोनदा, दोघांनी एकमेकांना संपवलं, खुर्ची रिकामी, आणि बारा येऊन बसला. यादी संपली. उमेदवार बारा! जो एकदाच आला, तो. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात तो असा. बहुमत कोणाचंच नसेल तर शेवटच्या ओळीला काही अर्थ उरत नाही. म्हणून मूळ निबंधात दुसरी फेरी आहे. यादी पुन्हा पहिल्यापासून वाचायची, या एका उमेदवाराच्याच नोंदी मोजायच्या, निम्म्याहून जास्त भरल्या तरच त्याला विजयी म्हणायचं. सहा ओळींच्या सौंदर्यावर भाळून पुष्कळ जण ही दुसरी फेरी लिहायची विसरतात. मीही विसरलो होतो, आणि माझ्या बाबतीत 'बारा' म्हणून जे आलं ते भर बैठकीत वाचून दाखवल्यावर मग कळलं.

बाकीच्या तयार साधनांपुढे ही पाचांची यादी ठेवली तर त्यांचे स्वभाव उघडे पडतात. पायथॉनचं बहुलक काढणारं तयार फंक्शन पूर्वी अशा बरोबरीला सरळ चूक म्हणून हात वर करत असे. २०१९ च्या ३.८ आवृत्तीपासून ते जो आधी भेटला त्याचं नाव सांगतं, म्हणजे नऊ. दोन्ही हवे असतील तर त्यासाठी वेगळं फंक्शन त्याच आवृत्तीत दिलं. संख्याशास्त्रासाठीच जन्मलेल्या 'आर' भाषेत 'मोड' असं विचारलं, तर ती बहुलक सांगतच नाही. तुमचा मजकूर अंकांचा आहे की अक्षरांचा, एवढं सांगते. वैद्याच्या दारात जाऊन औषध मागावं आणि त्यानं तुमची जात विचारावी, तसं.

आतापर्यंत मी चौथ्या ओळीवरून भरभर गेलो. तिथे एक शब्द आहे, 'एकच'. नोंद आणि उमेदवार एकच असतील तर. सगळा प्रोग्राम या शब्दावर उभा आहे आणि या शब्दाचा अर्थ प्रोग्राममध्ये कुठेही सांगितलेला नाही. आकड्यांत प्रश्न येत नाही, अकरा म्हणजे अकरा. नावांत येतो. आणि बहुलकाचं खरं राज्य नावांवरच आहे, कारण मराठी, गोंडी, तेलुगू यांची सरासरी कोणी काढू शकत नाही, की त्यांना चढत्या क्रमानं लावून मधली उचलू शकत नाही. सर्वांत जास्त कोण, एवढंच विचारता येतं.

आदिलाबाद जिल्ह्यात सर्वांत जास्त जणांची मातृभाषा कोणती असं विचारलं, तर उत्तर तेलुगू असं येतं. त्या एका शब्दामागे मराठी, गोंडी, उर्दू, लंबाडी, कोलामी अशी खाती आहेत, आणि बेला-जैनथकडे एक भरलेलं दिसेल तर उटनूर-इंद्रवेल्लीकडे दुसरं. पण खाती उघडायच्या आधी कोणीतरी ठरवलेलं असतं की कोणती नावं 'एकच'. २०११ च्या जनगणनेत मातृभाषेच्या रकान्यात देशभरातून १९,५६९ निरनिराळी नावं लिहून आली. छाननी करून त्यांतून १,३६९ मातृभाषा ठरवल्या गेल्या. दहा हजारांहून जास्त भाषक असलेल्यांचे गट पाडून १२१ भाषांची यादी झाली. त्या यादीत आदिलाबादच्या तांड्यांवर बोलली जाणारी लंबाडी हिंदीच्या गटात जाते. तांड्यावरच्या आजीला विचारलं तर ती आपण हिंदी बोलतो असं म्हणणार नाही. पण चौथ्या ओळीत तिची नोंद आणि हिंदी ही 'एकच' ठरलेली असते, आणि हिंदीची शिल्लक एकनं वाढते. प्रोग्राम चुकत नाही. तो सांगितलं ते करतो.

संगणकाचा 'एकच' तर आणखी हट्टी. आपण 'ऱ्हस्व'मधला ऱ टाइप करतो तो दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो : ऱ या अक्षराचा स्वतःचा क्रमांक, किंवा र आणि त्याखाली नुक्ता असे दोन क्रमांक. डोळ्याला तिळमात्र फरक दिसत नाही. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाचा नियम या दोन्हींना समान मानायला सांगतो, पण प्रोग्राम लिहिणाऱ्यानं तसं आधी करून घेतलं नाही तर खतावणीत एकाच शब्दाची दोन खाती उघडतात आणि दोन्ही अर्धी अर्धी भरतात. 'ॲ'चं त्याहून वाईट. ते एकसंध अक्षर आणि 'अ'वर चंद्र चढवून केलेलं अक्षर यांना युनिकोडही समान मानत नाही. गावांच्या यादीत कोणी 'उटनूर' लिहितो, कोणी 'उत्नूर'. कोणी शब्दामागे एक मोकळी जागा सोडतो, तीसुद्धा यंत्राला दिसते. मराठीत बहुलक काढायला बसलेल्या माणसाचा दिवस मोजण्यात जात नाही, हे असले जुळे शोधून एकत्र बसवण्यात जातो.

आणि मोजलं जाण्यासाठी आधी क्रमांक तरी हवा. आदिलाबाद जिल्ह्यातल्या नारनूर मंडलात गुंजाला नावाचं गाव आहे. तिथे गोंडी भाषेची हस्तलिखितं मिळाली ती एका स्वतंत्र लिपीत लिहिलेली. आपण क, ख, ग म्हणतो. या लिपीच्या व्यंजनांची सुरुवात य पासून होते. २०१८ साली युनिकोडच्या ११ व्या आवृत्तीत 'गुंजाला गोंडी' म्हणून तिच्या अक्षरांना क्रमांक मिळाले. त्याआधी त्या पानांवर कोणतं अक्षर सर्वांत जास्त वेळा येतं हे बोटांनी मोजता आलं असतं, संगणकाला मात्र ते अक्षर म्हणून विचारता येत नव्हतं. त्याच्या लेखी तिथे शाईच्या आकृत्या होत्या. सर्वांत जास्त येणारं अक्षर कोणतं, हा प्रश्न हौसेचा नाही. अनोळखी लिपीशी झटणारा माणूस बहुतेक वेळा तिथूनच हात घालतो.

बहुमत आणि बहुलक यांतला फरक मी आतापर्यंत थोडा सैल ठेवला होता. सर्वांत जास्त असणं वेगळं आणि निम्म्याहून जास्त असणं वेगळं. बॉयर-मूर यांची पाटी निम्म्याहून जास्त असलेल्यालाच ओळखते. जिथे पाच-सहा भाषा एका आठवडी बाजारात भेटतात, तिथे असा कोणी एक असेलच असं नाही. १९८२ साली जयदेव मिश्रा आणि डेव्हिड ग्रीस यांनी ही पाटी वाढवली. मिश्रा मूळचे ओडिशाचे, कानपूरच्या आयआयटीत शिकलेले. त्यांची रीत अशी : एक-तृतीयांशाहून जास्त असलेले सगळे हवेत, तर दोन पाट्या ठेवा. दोन्ही भरलेल्या असताना तिसराच कोणी आला, तर तिघांतला एकेक एकदम बाद. एक-षष्ठांशाहून जास्त हवेत, तर पाच पाट्या. कुस्ती दोघांची न राहता तिघांची, सहांची होते. जोडीच्या जागी टोळी. इथेही दुसरी फेरी लागतेच. वीस वर्षांनी इंटरनेटवरच्या वाहतुकीत कोणाचा भार सर्वांत जास्त हे शोधणाऱ्यांनी हीच रीत नव्यानं शोधून काढली, आणि मग कळलं की ती आधीच छापलेली आहे.

पण कोणाचीच अशी ठळक बहुसंख्या नसेल, चार जण चोवीस-चोवीस टक्क्यांच्या आसपास रेंगाळत असतील, आणि तरी त्यांतला नेमका सर्वांत जास्त कोण हे एका फेरीत सांगायचं असेल तर? १९९६ साली अलोन, मातियास आणि सेगेदी या तिघांनी सिद्ध केलं की सर्वांत जास्त आलेल्याची संख्या एका फेरीत काढायची तर थोड्या जागेत भागत नाही; निराळ्या किमती वाढतील तशी जागाही वाढवावीच लागते. म्हणजे तिथे खतावणी आली. ज्याचं बहुमत निर्विवाद आहे तो एका पाटीवर सापडतो. ज्याचं तसं नाही त्याच्यासाठी प्रत्येकाचं खातं उघडावं लागतं, अगदी एकदाच आलेल्याचंसुद्धा. बॉयर आणि मूर यांच्या सहा ओळी मला जितक्या आवडतात, तितकीच त्यांना मर्यादा घालणारी ही सिद्धता आवडते. दोन्ही एकत्र वाचल्या की मग कळतं की त्या ओळी एवढ्या आखूड कशा होऊ शकल्या : अवघड भाग त्यांनी 'निम्म्याहून जास्त' या दोन शब्दांत आधीच मागून घेतला होता.

बहुलकाचा सर्वांत जुना म्हणून सांगितला जाणारा प्रयोग इसवी सनापूर्वी ४२८ च्या हिवाळ्यातला आहे. ग्रीसमधल्या प्लाटिया नगराला वेढा पडला होता. सुटायचं तर शत्रूच्या भिंतीइतक्या उंच शिड्या हव्यात. भिंतीच्या न लिंपलेल्या भागावरून विटांचे थर पुष्कळ जणांनी, पुष्कळ वेळा मोजले. काही चुकतील, पण बहुतेकांचा आकडा खरा निघेल या हिशेबानं जास्त जणांचा आला तो धरला आणि शिड्या केल्या. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीजनं हे लिहून ठेवलं आहे. तिथे चुकलेल्यांचे आकडे टाकूनच द्यायचे होते, कारण भिंतीची उंची एकच होती.

यार्डात तसं नसतं. तिथे प्रत्येक ढिगाचा ओलावा त्याचा त्याचा. दुपारनंतर ऊन तिरपं होतं, सकाळी "अकराच चालू हाय" म्हणणारा काटापट्टी खिशात घालून बसस्टँडकडे निघालेला असतो. तेरा लागलेला अजून तिथेच असतो. ताडपत्री पसरून त्यानं कापूस उन्हाला टाकलेला आहे, पायानं थर उलटा करतो आहे, आणि पुन्हा मीटर लावायला कोणी येतंय का ते बघतो आहे.